इन्स्टंट पॉट ड्युओ, ६ क्वार्ट (साधारण पावणेसहा लिटर): दमून घरी आल्यावरच्या वरणभातासाठी

अमेरिकेत नव्याने आलेल्या मैत्रिणी हमखास विचारतात, भारतातून आणलेला प्रेशर कुकर आहे ना, मग हा इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवर चालणारा प्रेशर कुकर, कशाला? माझं म्हणणं, घ्या जरूर, पण वेळ वाचेल म्हणून घेऊ नका. डिस्प्लेवर ८ मिनिटं लावली तरी आधी प्रेशर यायला दहाएक मिनिटं जातात, नंतर वाफ आपोआप उतरायला साधारण तेवढीच, म्हणजे खिचडी अर्ध्या तासाच्या आत काही ताटात येत नाही. त्यात शिट्टीच्या कुकरचं प्रेशर १५ पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास असतं आणि इथे हाय प्रेशर म्हणजे १० ते ११च्या घरात, त्यामुळे डाळीला उलट थोडं जास्तच लागतं. वाचतं ते आपलं लक्ष. ऑफिस, मग डेकेअरमधून मुलांना घ्यायचं, मग ट्रॅफिक, हे सगळं करून साडेसहाला घरात शिरणाऱ्या माणसाकडे नेमकं तेच उरलेलं नसतं.

इकडे कितीतरी अपार्टमेंट्समधे गॅस नसतो, कॉइलची नाहीतर काचेची इलेक्ट्रिक शेगडी असते आणि ती बंद केली तरी बराच वेळ तापलेलीच राहते. म्हणजे तिसरी शिट्टी झाली की कुकर उचलून बाजूला ठेवायलाच पाहिजे, मग तुम्ही बाळाला आंघोळ घालत असा नाहीतर फोनवर असा. इथे झाकण लावलं, बटण दाबलं की आपण मोकळे, शिजून झालं की तो स्वतःच कीप वॉर्मवर, म्हणजे नुसतं गरम ठेवायच्या मोडवर, जातो. आमच्याकडे त्या अर्ध्या तासात मुलांची अंघोळ होते, दुसऱ्या दिवसाचे डबे धुऊन होतात, आणि कधी कधी तर आम्ही दोघं नुसते चहा घेत बसतो, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथे.

आता आमचं ठरलेलं. मऊ मुगाची खिचडी: १ वाटी तांदूळ, पाऊण वाटी मुगाची डाळ, सॉटे मोडवर (झाकण न लावता परतायचा मोड) तुपात जिरं-हिंग-हळद, ५ वाट्या पाणी, हाय प्रेशर ८ मिनिटं आणि मग १० मिनिटं हात लावायचा नाही. वरून तूप, बाजूला भाजलेला पापड आणि लोणचं, मुलं काही कुरकुर न करता जेवतात. आणि वरणभात एकदम लावायचा असेल तर खाली थेट भांड्यात तूरडाळ आणि तिच्या तिप्पट पाणी, त्यावर उंच जाळी (ती वेगळी घ्यावी लागते, सोबत येते ती बुटकी असते), जाळीवर स्टीलच्या डब्यात तांदूळ, १० मिनिटं. डाळ आधी वीसेक मिनिटं भिजवलीत तर छान घोटली जाते, भात मात्र मऊ होतो, मोकळा नाही, पण वरणाबरोबर कोणाला मोकळा हवा असतो! मोड आलेल्या मटकीला मिनिटभर पुरतं आणि वाफ लगेच सोडायची, नाहीतर उसळीचं पिठलं होतं.

राजमा आणि छोले रात्री भिजवून ठेवले तर २५ ते ३० मिनिटांत बोटाने दाबले जातील असे शिजतात. फक्त राजमा कृपा करून स्लो कुक मोडवर (प्रेशरशिवाय, मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचा मोड) लावू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो नीट उकळल्याशिवाय जात नाही आणि स्लो कुकला तेवढी उष्णता मिळत नाही, प्रेशरवर काही अडचण नाही. आणि भांडं अर्ध्यावर भरलं की थांबा, डाळी-कडधान्यं-भात फुगतात आणि फेस थेट व्हॉल्व्हमधे जातो.

न आवडणाऱ्या गोष्टी पण आहेत, त्या बहुतेक सगळ्याच इलेक्ट्रिक कुकरना लागू. भांड्याचा तळ मधे किंचित उंच असतो, तेल कडेला पळतं, त्यामुळे दोन चमचे तेलात मोहरी नीट तडतडत नाही, आमटीची फोडणी मी सरळ कढल्यात वेगळी करते. टोमॅटो-कांद्याचा मसाला तळाला चिकटला की डिस्प्लेवर बर्न, म्हणजे करपतंय अशी सूचना, येते, म्हणून परतून झाल्यावर थोडं पाणी घालून लाकडी उलथन्याने तळ खरवडून घ्या, टोमॅटो सगळ्यात वर टाका आणि मग ढवळू नका. पोळ्या अर्थातच यात होत नाहीत, त्यासाठी आमच्या फ्रीझरमधे इंडियन स्टोअरमधल्या तयार पोळ्यांचं पाकीट असतं आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

झाकणातली सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते, हिंगाचा, गोडा मसाल्याचा, चिकनचा तर विचारूच नका. एक जास्तीची रिंग घ्या, एक तिखटाला, एक दह्याला आणि खिरीला. दह्याचा मोड मला फार कामाचा वाटतो, बाहेर बर्फ असताना ओट्यावर दही लागत नाही, इथे रात्री विरजण लावलं की ८ तासांत सकाळी घट्ट तयार.

चौघांच्या घराला ६ क्वार्ट पुरतो, ३ क्वार्टमधे डाळ आणि वरचा भाताचा डबा यांची दाटी होते. घाई नसेल तर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सेलपर्यंत थांबा, किंमत बरीच उतरते. आणि दोन-तीन वर्षांसाठीच आला असाल तर परत जाताना सामानात भरू नका, इथलं मॉडेल १२० व्होल्टचं आहे, भारतात २३० असतं आणि १००० वॅटच्या वस्तूला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर म्हणजे चांगलंच धूड. इथेच कोणा नव्याने आलेल्या घराला देऊन टाका, जाळी आणि जास्तीच्या रिंगसकट.