बंदुकीच्या हक्कासाठी वर्गणी मागणारा फोन

न्यू जर्सीत पिस्तूल बाळगणारा मराठी माणूस आता काही दुर्मीळ राहिलेला नाही. दारूचं दुकान किंवा मोटेल चालवणारे आहेत, रात्री गल्ला घेऊन एकटे घरी जाणारे आहेत, आणि माझ्यासारखे नुसते सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या रेंजवर जाणारेही आहेत. (एच-वन बी व्हिसावर असाल तर मात्र या वाटेला जाऊ नका. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर त्या व्हिसावर बंदूक बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं.)

जून २०२२ मध्ये ब्रुएन खटल्याचा निकाल लागला. पिस्तूल जवळ बाळगायला 'खास कारण' दाखवा, ही न्यू यॉर्कची अट सुप्रीम कोर्टाने उडवली आणि तिच्यासोबत आमच्या राज्याची तसलीच अटही गेली. त्याच डिसेंबरात न्यू जर्सीने नवा कायदा आणला. परवान्याची फी ५० वरून २०० डॉलर, नात्यात नसलेल्या चार माणसांची साक्ष, आणि पिस्तूल कुठेकुठे नेता येणार नाही याची भलीमोठी यादी. रेंजवर जो तो संतापलेला. फोन आला तो नेमका त्याच दिवसांत.

बोलणारा गृहस्थ अतिशय आदबशीर होता. संघटनेचं नाव ऐकल्यासारखं वाटलं, कारण ते तसं वाटावं म्हणूनच ठेवलेलं होतं. या क्षेत्रातल्या नावाजलेल्या संघटनांच्या नावांतले तेच चार-पाच शब्द उलटसुलट करून जोडलेले. तुमच्या राज्याच्या या कायद्याविरुद्ध आम्ही लढतो आहोत, म्हणाला. मी ३५ डॉलर दिले. घरी प्लास्टिकचं सभासद कार्ड आलं, गाडीला लावायचं स्टिकर आलं, आणि पुढच्या महिन्यात क्रेडिट कार्डावर पुन्हा ३५ डॉलर पडले. त्याच्या पुढच्याही महिन्यात पडले. फोनवर कुठेतरी 'आपला पाठिंबा चालू ठेवू ना?' असं विचारलं गेलं होतं, त्याचा अर्थ त्यांनी दरमहा असा लावला.

पैसे थांबवायला फोन केला तर तिथे नुसती ध्वनिफीत. शेवटी बँकेकडे तक्रार केली. हप्ता स्टेटमेंटमध्ये आल्यापासून साठ दिवसांच्या आत लेखी कळवलं तर क्रेडिट कार्डवाल्याला चौकशी करावी लागते. त्या मुदतीतले हप्ते परत मिळाले, जुने बुडाले.

पण खरी गंमत पुढे आहे. ही संघटना म्हणजे एक 'पॅक', पोलिटिकल ॲक्शन कमिटी, म्हणजे निवडणुकीच्या राजकारणासाठी पैसा गोळा करणारी समिती, निघाली. पॅकचा हिशोब फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. खर्चाचं पान उघडलं, तर एका टेलिमार्केटिंग कंपनीला पैसे, नाव-पत्त्यांच्या याद्यांचं भाडं, छपाई, टपाल, 'सल्लागार'. उमेदवाराला दिलेला डॉलर नाही, वकिलाची फी नाही. गणपतीची वर्गणी देणाऱ्याला निदान मांडव तरी दिसतो.

आणि यात बेकायदा काय होतं, ते सांगणं अवघड आहे. देणगी गोळा करणाऱ्याने त्यातलं किती स्वतःकडे ठेवावं यावर राज्याला मर्यादा घालता येत नाही, ते भाषणस्वातंत्र्याच्या आड येतं, असं सुप्रीम कोर्टाने १९८८ सालीच नॉर्थ कॅरोलायनाच्या खटल्यात सांगून ठेवलंय. २००३ मध्ये इलिनॉयच्या खटल्यात एवढंच मान्य झालं, की धडधडीत खोटं बोलून पैसे काढले तर फसवणुकीची कारवाई करता येईल. तिथे माजी सैनिकांच्या नावाने आलेल्या पैशांतले शेकडा ८५ गोळा करणाऱ्या कंपनीकडेच राहत होते. विक्रीचे फोन नको म्हणणाऱ्यांच्या 'डू नॉट कॉल' या सरकारी यादीत नंबर घातला असला तरी राजकीय फोन त्यातून सुटतात. आमचा आदबशीर गृहस्थ 'लढतो आहोत' म्हणाला, 'खटला भरलाय' म्हणाला नाही. ते लोक शब्द मोजून वापरतात.

म्हणून माझं आता एकच विचारणं असतं: केस नंबर सांगा. त्या डिसेंबरच्या कायद्याविरुद्ध खरोखर खटले भरले गेले होते. कून्स खटल्यात सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन आणि फायरआर्म्स पॉलिसी कोअ‍ॅलिशन होत्या, सीगल खटल्यात राज्यातली जुनी रायफल अँड पिस्टल क्लबांची संघटना. कोर्टाच्या कागदावर वादी म्हणून त्यांची नावं आहेत. ब्रुएन खटलासुद्धा न्यू यॉर्कच्या राज्य संघटनेचाच. या राज्य संघटनांची पत्रं वाचायला रटाळ असतात, कुठल्या समितीत कुठलं विधेयक अडकलंय वगैरे. मला आता ती रटाळ पत्रंच बरी वाटतात.

नाव मोठं म्हणून डोळे मिटून पैसे द्यावेत असंही नाही. एनआरए, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन ही बंदूकवाल्यांची देशव्यापी संघटना, १८७१ पासूनची. तिचे प्रशिक्षक चांगलं शिकवतात, मी स्वतः शिकलोय, आणि कित्येक क्लब तिचं सभासदत्व मागतात. पण १९९१ पासून २०२४ पर्यंत ती चालवणाऱ्या वेन लापिएरने सभासदांचा पैसा खाजगी विमानांवर आणि चैनीवर उधळल्याचा खटला न्यू यॉर्कच्या ॲटर्नी जनरलने २०२० मध्ये भरला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्यूरीने त्याला सुमारे ४३ लाख डॉलर परत करायला सांगितले. मी तिथे प्रशिक्षणाचे पैसे देतो, लढ्याचे नाही.

पैसा कुठल्या खात्यात जातोय तेही बघा. एकाच संघटनेच्या घराण्यात बहुधा तीन खाती असतात, पहिल्या दोघांची नावं करकायद्याच्या कलमांवरून पडलेली. ५०१(सी)(३) म्हणजे शिक्षण आणि कोर्टकज्जे, तिथल्या देणगीवर करात सूट मिळू शकते. ५०१(सी)(४) म्हणजे विधिमंडळातली खटपट, आणि तिसरं पॅक. या दोन्हींवर सूट नाही. पहिल्या दोघांचा 'फॉर्म ९९०', म्हणजे वर्षाचा हिशोब, आयआरएसच्या (केंद्रीय करखात्याच्या) संकेतस्थळावर शोधता येतो. त्यातलं शेड्यूल जी आधी उघडा. बाहेरच्या कंपनीने किती गोळा केलं आणि स्वतःकडे किती ठेवलं, ते तिथे आकड्यांत लिहावं लागतं.

माझा नंबर मात्र विकला गेला तो गेलाच. आता पोलिसांच्या विधवा, अपंग सैनिक, अग्निशामक दल, सगळ्यांच्या नावाने फोन येतात. आमच्या रेंजवर असे फसलेले बरेच जण भेटले, पण तक्रार कुणीच केली नव्हती. बंदूकवाल्याला सरकारी कागदावर स्वतःचं नाव लिहायला आवडत नाही, आणि या धंद्याला ते पक्कं माहीत आहे. फेडरल ट्रेड कमिशनकडे ऑनलाइन तक्रार करायला थोडाच वेळ लागतो. इलेक्शन कमिशनकडे करायची तर शपथेवर, नोटरीचा शिक्का मारून द्यावी लागते. बहुतेक बँकांत तो मारून मिळतो.