जॉर्जिया, आर्मेनिया की अझरबैजान? कॉकेशसला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

काळा समुद्र आणि कॅस्पियन यांच्या दरम्यान सुमारे बाराशे किलोमीटर लांबीची कॉकेशस पर्वताची मुख्य रांग पसरली आहे. उत्तरेकडची बाजू रशियाची: दागेस्तान, चेचन्या, उत्तर ओसेतिया आणि ५,६४२ मीटर उंचीचा एल्ब्रुस. सध्याच्या युद्धकाळात तिकडे जायचा सल्ला मी देणार नाही, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो. उरतात दक्षिणेचे तीन देश. आपल्याकडचे टूरवाले त्यातले दोन एकत्र बांधून विकतात: अझरबैजानच्या राजधानीत, बाकूत दोन-तीन रात्री, जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत तेवढ्याच, मधे एक दिवस गुदाउरीला बर्फात फोटो. त्या सहलीत मॉल दिसतात, रात्रीची रोषणाई दिसते आणि डोंगर गाडीच्या काचेतून दिसतो.

ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी खुशाल जावं. पण इथली माणसं, निसर्ग आणि इतिहास पाहायचा असेल, हाताशी आठ-नऊ दिवसच असतील, तर आधी एक ठरवा: तिन्ही देश एका फेरीत उरकायचे नाहीत. आर्मेनिया आणि अझरबैजानमधली सीमा बंद आहे, आणि अझरबैजानने २०२० मध्ये बंद केलेला प्रवाशांसाठीचा जमिनीवरचा प्रवेश वर्षानुवर्षं तसाच लांबवत ठेवला आहे. तिबिलिसीहून बाकूला रेल्वेने जायची मजा त्यामुळे गेली, विमानच घ्यावं लागतं. तीन देश म्हणजे विमानतळांवरच दीड-दोन दिवस खर्ची.

माणसं

विविधता हा निकष लावला तर जॉर्जिया आणि अझरबैजान पुढे, आर्मेनिया बराच मागे.

जॉर्जियात स्वानेतीला जा. मेस्तिया आणि उशगुलीच्या दऱ्यांत घरागणिक दगडी बुरूज उभे आहेत, बरेचसे नवव्या ते बाराव्या-तेराव्या शतकांच्या दरम्यानचे. हल्लेखोरांपासून आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या सूडाच्या भांडणांपासून कुटुंब वाचवायला ते बांधले. वर स्वानेती १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. स्वान लोक घरात स्वान भाषा बोलतात. ती जॉर्जियनची नातलग, पण तिबिलिसीच्या माणसाला कळत नाही. शाळा जॉर्जियनमध्ये चालते, त्यामुळे नव्या पिढीत स्वान मागे पडते आहे. सपाटीवर इराणी, तुर्क, मंगोल फौजा आल्या की चर्चमधली सोन्या-चांदीची चित्रं इकडे वर लपवायला पाठवत. मेस्तियाच्या संग्रहालयात त्यातलं काही पाहायला मिळतं, आणि एवढ्या आडगावात एवढी श्रीमंती कुठून आली याचं उत्तरही. याच देशात पंकिसी दरीत किस्त राहतात, चेचेनांचे भाऊबंद आणि मुसलमान. त्यांच्या बायका पाहुण्यांसाठी घरगुती निवास चालवतात. जॉर्जियाच्या बहुसुरी गाण्यांपैकी ‘चाक्रुलो’ हे गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानाच्या तबकडीवर अंतराळात गेलं, हे तिथला कुठलाही यजमान तुम्हाला सांगेल. बहुधा तिसऱ्या ग्लासनंतर.

अझरबैजानची ओळख बाकूच्या काचेच्या इमारतींवरून करून घेऊ नका. उत्तरेला गुबा शहराजवळ नदीपलीकडे डोंगरी ज्यूंची वस्ती आहे. तिथून वर सुमारे २,३०० मीटरवर खिनालुग हे गाव. तिथल्या दोनेक हजार माणसांची भाषा दागेस्तानच्या भाषाकुळातली खरी, पण त्यातही वेगळ्या शाखेची. आजूबाजूच्या कुणालाच ती समजत नाही. खिनालुगचे मेंढपाळ हिवाळ्यात कळप घेऊन खाली सपाटीवर उतरतात आणि उन्हाळ्यात परत वर चढतात, आपल्याकडच्या धनगरांसारखेच ठरलेल्या वाटेने. २०२३ मध्ये त्या वाटेसकट गावाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शिवाय निज गावातले उदी ख्रिस्ती, लाहिजचे तांबट, लेझगी. देश शियाबहुल आणि तुर्की कुळातल्या भाषेचा, पण डोंगरात शिरलात की हे चित्र दर दरीत बदलतं.

आर्मेनियात आज जवळपास सगळे आर्मेनियनच. स्वतःचा वेगळा धर्म पाळणारे याझिदी आणि थोडे मोलोकान या पंथाचे रशियन ख्रिस्ती हे अपवाद. हे कायमचं नव्हतं. १९८८ नंतर कराबाख या प्रदेशावरून दोन देशांत पेटलेल्या भांडणात अझेरी लोक आर्मेनियातून गेले, आर्मेनियन अझरबैजानातून आले. सप्टेंबर २०२३ मध्ये कराबाखमधून एक लाखाहून जास्त आर्मेनियन बाहेर पडले. येरेवानमध्ये एखाद्याच्या घरी जेवायला बसलात तर हा विषय निघणारच. याझिदींचं जगातलं सर्वांत मोठं मंदिर येरेवानजवळ अकनालिचला आहे, २०१९ मध्ये उघडलेलं. मोर आणि सूर्य यांना मान देणाऱ्या या लोकांकडे भारतीय पाहुण्याविषयी खास कुतूहल असतं.

निसर्ग

इथे स्पर्धाच नाही, जॉर्जिया. उशगुली सुमारे २,१०० मीटरवर आणि गावाच्या मागे थेट श्खारा, देशातलं सर्वोच्च शिखर, सुमारे ५,२०० मीटर. मेस्तिया ते उशगुली हा चार दिवसांचा ट्रेक गावागावांतून जातो. रोज संध्याकाळी घरगुती जेवण आणि गादी मिळते, तंबू वाहावा लागत नाही. सह्याद्रीत पाय तयार झालेल्यांना तो जड जाऊ नये. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी तिबिलिसीपासून दीडशे किलोमीटरवरच्या स्तेपान्त्समिंदाला जावं. सुमारे २,४०० मीटरची ज्वारी खिंड ओलांडली की पाणी उत्तरेकडे, तेरेक नदीकडे वाहू लागतं. पाणलोटाची रेघ ही आशिया-युरोपची सीमा मानली तर तिबिलिसी आशियात आणि हे गाव युरोपात. सीमा दुसरीकडे मानणारेही पुष्कळ आहेत, त्यामुळे पैज लावू नका. गावावरच्या टेकाडावर चौदाव्या शतकातलं गेर्गेती चर्च, मागे काझबेक शिखर.

पक्षीवेड्यांसाठी बातुमी. शरद ऋतूत शिकारी पक्ष्यांचे थवे समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून दक्षिणेला जातात, हंगामात दहा लाखांहून जास्त. जगात अशा जागा मोजक्याच आहेत. एरवी बातुमीत कसिनो आणि गोटे असलेला किनारा आहे. कोकणचा समुद्र पाहिलेल्याने त्यासाठी दोन दिवस घालवू नयेत.

आर्मेनियाचं पठार ज्वालामुखीचं, उघडंबोडकं. काहींना ते रुक्ष वाटतं, मला आवडतं. सेवान सरोवर सुमारे १,९०० मीटरवर आहे. सोव्हिएत काळात वीज आणि सिंचनासाठी त्यातलं पाणी इतकं उपसलं की पातळी वीसेक मीटर उतरली आणि नवव्या शतकातला मठ ज्या बेटावर होता ते बेट द्वीपकल्प झालं. आज तिथे चालत जाता येतं, आणि ते सोयीचं वाटत असतानाच त्यामागचं कारण खटकतं. अझरबैजानची खासियत वेगळी: जमिनीतून बुडबुडे सोडणारे चिखलाचे ज्वालामुखी, यानार दागची पेटती टेकडी, गोबुस्तानची हजारो शैलचित्रं. एका दिवसात तिन्ही होतात.

इतिहास

दगड वाचायची आवड असेल तर आर्मेनिया, आणि त्यातही उत्तरेची देबेद नदीची घळ. हाघपात आणि सानाहिन हे दहाव्या शतकातले मठ म्हणजे त्या काळची विद्यापीठंच. ग्रंथालयं, हस्तलिखितं, अंगणात कोरीव क्रूसांचे दगड. सानाहिनच्या मठाजवळच एक छोटं संग्रहालय आहे आणि बाहेर मिग-२१ उभं आहे. मिग विमानांचा एक जनक आर्तेम मिकोयान याच गावचा, १९०५ चा जन्म. नाशिकजवळच्या ओझरला ज्यांच्या घरच्यांनी एचएएलमध्ये मिग जुळवण्यात आयुष्य काढलं, त्यांना इथे दोन मिनिटं जास्त थांबावंसं वाटेल.

येरेवानजवळ गार्नीचं प्राचीन मंदिर, गेघार्द आणि खोर विराप हे मठ एकेका अर्ध्या दिवसात होतात. परंपरेनुसार आर्मेनियाने ३०१ साली ख्रिस्ती धर्म राजधर्म केला. लिपी ४०५ ची. येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित-संग्रहालयात तिच्यातली हजारो हस्तलिखितं जपली आहेत. खोर विरापमागचा अरारात पर्वत मात्र तुर्कस्तानात. सीमा १९९३ पासून बंद, त्यामुळे राष्ट्रीय चिन्हावर असलेला डोंगर पाहायचा लांबूनच. वंशसंहाराचं स्मारक त्सित्सेर्नाकाबेर्दला आहे. लहान मुलं बरोबर असतील तर संग्रहालयाचा भाग टाळावा.

जॉर्जियाच्या इतिहासाचा एक धागा थेट गोव्यात येतो. पूर्व जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासच्या हुकुमावरून शिराझमध्ये छळ करून मारलं. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे अवशेष जुन्या गोव्यात आणले. सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमध्ये सापडलेल्या एका हाडाची डीएनए तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने केली, आणि जुलै २०२१ मध्ये भारताने अवशेषांचा एक भाग तिबिलिसीत समारंभपूर्वक सुपूर्द केला. काखेतीत तुमचा देश विचारला गेला तर भारत म्हणताना गोव्याचं नाव जोडा, बोलणं लांबतं.

आणि बाकूचं आतेशगाह. सुराखानीतलं हे पंचकोनी अंगणाचं अग्निस्थान सतराव्या-अठराव्या शतकांत मुलतानकडच्या व्यापाऱ्यांनी आणि साधूंनी वापरलं. खोल्यांच्या दारांवरचे बरेचसे लेख देवनागरी आणि गुरुमुखीत आहेत. ‘श्री गणेशाय नमः’ आणि विक्रम संवताचं वर्ष तुम्ही स्वतः वाचू शकता. मुंबईचे पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी १९२०च्या दशकात इथे आले आणि त्यांनी निर्वाळा दिला की ही पारशी अग्यारी नव्हे, हिंदूंचं मंदिर आहे. पर्यटन फलक अजूनही झरथुष्ट्राकडे जास्त झुकतात. एक गोष्ट आधीच सांगतो: नैसर्गिक ज्वाला १९६९ मध्ये विझली, भोवतालच्या विहिरींनी वायू ओढून घेतला म्हणून. आज दिसते ती नळाच्या गॅसची. विसाव्या शतकाच्या आरंभी जगातल्या एकूण तेलापैकी निम्म्याच्या आसपास बाकू काढत होतं, त्याची ही किंमत.

कधी, कुणाबरोबर, काय खाऊन

आपल्या सुट्ट्या मे आणि दिवाळीत. स्वानेतीसाठी दोन्ही चुकीच्या. उंचावरच्या वाटांवर मेमध्ये बर्फ आणि चिखल असतो, दिवाळीपर्यंत नवा बर्फ पडायला लागतो. जूनअखेर ते सप्टेंबर हाच खरा काळ. रजा मेमध्येच मिळणार असेल तर सरळ आर्मेनिया घ्या. पठार तेव्हा हिरवं असतं आणि रानफुलांनी भरलेलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जमत असेल तर काखेतीत द्राक्षकाढणी चालू असते. तिथे जमिनीत पुरलेल्या मातीच्या मोठ्या रांजणांत वाइन करतात, आणि जॉर्जियातल्या वाइनचे पुरावे आठ हजार वर्षं मागे जातात.

आई-बाबा बरोबर असतील तर पुन्हा आर्मेनिया. येरेवानला एकच मुक्काम करून रोज जाऊन-येऊन बरंच काही होतं. दक्षिणेचा ततेव मठ लांब आहे, पण ५.७ किलोमीटरचा रोपवे थेट मठापाशी नेतो. तिबिलिसी ते मेस्तिया रस्त्याने आठ-नऊ तास, शेवटचा टप्पा वळणावळणांचा. गाडी लागणाऱ्यांना तो सोसत नाही. छोटं विमान आहे, पण हवा बिघडली की रद्द होतं. त्याच्या भरवशावर परतीचं तिकीट काढू नका.

शाकाहारींची जॉर्जियात चैन. खाचापुरी, राजम्यासारखं लोबिओ, अक्रोडाच्या वाटणातली वांगी, मशरूमचे खिंकाली. ऑर्थोडॉक्स उपवासांमुळे बिनमांसाचे, बिनदुधाचे पदार्थ पाहिजेत म्हटलं की हॉटेलवाल्याला पटकन कळतं. आर्मेनियात भाजीपाला भरलेली पोळी, झेंग्यालोव हात्स, चुकवू नका. अझरबैजानच्या डोंगरात मात्र पालेभाजीचा गुताब, चीज आणि चहा यांवर दिवस काढायची तयारी हवी.

राजकारणही जमेस धरा. मे २०२५ मध्ये अझरबैजानने उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली, त्यानंतर अनेक भारतीयांनी बाकूची तिकिटं रद्द केली. हा ज्याचा त्याचा निर्णय. पासपोर्टवर आर्मेनियाचा शिक्का असेल तर बाकूत चौकशी होऊ शकते, एवढं लक्षात असू द्या. तिन्ही देशांचा ई-व्हिसा भारतीयांना मिळतो. जॉर्जियात अमेरिका, शेंगेन किंवा ब्रिटनचा वैध व्हिसा अथवा निवास परवाना असलेल्यांना वेगळा व्हिसा लागत नाही. पण नियम बदलतात, तिकिटाआधी सरकारी संकेतस्थळ पाहा. हॉटेल, परतीचं तिकीट आणि विमा यांचे छापील कागद जवळ ठेवा, तिबिलिसी विमानतळावर ते बारकाईने पाहतात.

मी काय निवडेन

जुलै ते सप्टेंबर असेल तर नऊ दिवस जॉर्जिया. त्यातले पाच स्वानेतीला, एक काझबेककडे, बाकी तिबिलिसी. उरलाच एखादा दिवस तर दक्षिणेची सीमा ओलांडून देबेदच्या घळीत जाऊन परत, कारण तिबिलिसी-येरेवान रस्ता तिथूनच जातो आणि ती सीमा सुरळीत चालते. त्यासाठी आर्मेनियाचा व्हिसा आधी काढून ठेवा, आणि जॉर्जियाचा व्हिसा परत प्रवेश देणारा आहे ना, तेही तपासा. मे असेल तर आर्मेनिया एकटा. अझरबैजान तिसऱ्या खेपेला, शक्यतो मार्चमध्ये नवरोजच्या सुमारास, चार-पाच दिवस. खिनालुगचा रस्ता तेव्हा बर्फाने बंद असू शकतो, म्हणून त्या गावासाठीच जायचं असेल तर जून-जुलै पाहा आणि गुबाहून स्थानिक गाडीच घ्या.