डिकीतला सबवूफर, डॅम्पिंग शीट आणि खडखड : काही महिन्यांच्या वापरानंतर

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. बुटाइलच्या डॅम्पिंग शीटने, म्हणजे पत्र्याची थरथर जिरवणाऱ्या चिकट रबरी शीटने, माझ्या डिकीचा पत्रा गप्प केला. खडखड मात्र बरीचशी फोमच्या पट्टीने, कापडी टेपने आणि दोन-चार स्क्रू आवळल्याने गेली. शीट वाईट आहे असं अजिबात म्हणणं नाही, पण सगळी डिकी चंदेरी शीटने मढवली की आवाज बंद, अशी जी समजूत आहे ती अर्धीच खरी आहे.

गाडी सेडान. डिकीत १२ इंची सबवूफर (फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर), चहूबाजूंनी बंद असलेला सील्ड बॉक्स, एकाच चॅनलचा मोनो अ‍ॅम्प, लो-पास फिल्टर ८० हर्ट्झवर, म्हणजे साधारण त्याखालचाच आवाज सबवूफरकडे जातो. आत बसून बास छान लागायचा, पण काच खाली करून बाहेर उभ्या असलेल्या माणसाशी बोलायला गेलं की त्याला गाण्याआधी पत्रा ऐकू यायचा. पुढे पुढे आतही मागच्या काचेजवळून घर्रर्र सुरू झालं आणि मग हे काम हातात घेतलं.

डिकीत दोन वेगळे त्रास असतात. पहिला, पत्रा घुमणं. मोठा, सपाट, मोकळा पत्रा स्वतःच्या ठरावीक फ्रिक्वेन्सीला थरथरतो आणि बासची नोट संपली तरी मागे रेंगाळतो. बोटाच्या पेराने टकटक केलं की ‘टंग’ असा आवाज येतो, तोच हा. दुसरा त्रास खडखडीचा. यात दोन वस्तू एकमेकींवर आपटत असतात : प्लॅस्टिक पत्र्यावर, वायर ट्रिमवर (आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणावर), पाना जॅकवर. हलवणारा बास ४० हर्ट्झचा असला तरी ऐकू येणारी खडखड त्याच्या कितीतरी वरच्या पट्टीतली असते, म्हणून ती इतकी टोचते. शीटचं काम पहिल्या त्रासावर चालतं. दुसऱ्यासाठी त्या दोन वस्तूंमध्ये काहीतरी मऊ घालणं किंवा त्या घट्ट बसवणं, एवढेच मार्ग आहेत.

म्हणून शीटची गुंडाळी उलगडायच्या आधी खडखड शोधली. फोनवर २० ते १०० हर्ट्झचा सावकाश चढणारा टोन लावला, आवाज नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवला आणि भाच्याला डिकीजवळ उभं केलं. जिथे खडखड सुरू होईल तिथे टोन थांबवून तीच फ्रिक्वेन्सी धरून ठेवायची आणि त्याने तळहाताने एकेक भाग दाबत जायचं. “मामा, इथे दाबलं की थांबतंय,” असं तो पहिल्यांदा ओरडला तेव्हा त्याचा हात नंबर प्लेटवर होता. हे काम एकट्याने होत नाही. गाणं लावूनही होत नाही, कारण बासची नोट हलते आणि आवाजाची जागा निसटते.

नंबर प्लेटचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात मोठा गुन्हेगार तीच निघाली. प्लेट प्लॅस्टिकच्या चौकटीत, चौकट वरच्या बाजूला दोन स्क्रूंवर, आणि खालची कड हवेत लोंबती. डिकीचं झाकण आतबाहेर श्वास घेतल्यासारखं हलायचं आणि ती कड रंगावर आपटायची. काढून पाहिली तर चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांनी रंगावर बारीक पांढरट चंद्रकोरी ओढल्या होत्या. मागे चारही बाजूंनी बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमची चिकटपट्टी लावली, प्लेट आणि चौकट यांच्यामध्येही एक आडवी पट्टी दिली, स्क्रू पुन्हा आवळले. बाहेर ऐकू येणारी निम्मी खडखड तिथेच संपली. तेव्हा शीटचा एक तुकडाही लागला नव्हता.

त्यानंतर झाकणाचे रबरी स्टॉपर. कोपऱ्यातले हे गुटके बहुतेक गाड्यांत फिरवून उंच करता येतात. थोडेसे बाहेर काढले की झाकण बंद झाल्यावर लॉकवर ताणून बसतं आणि लॉकचा टकटकाट जातो. फार काढले तर मात्र डिकी आपटून बंद करावी लागते. झाकण उचलून धरणारे जे स्प्रिंगचे आडवे रॉड असतात ते मधोमध एकमेकांना घासत होते, तिथे गाडीतल्या वायरींच्या जुडग्यावर गुंडाळतात ती मऊ, लोकरीसारखी फ्लीस टेप दिली. झाकणाच्या आतून जाणाऱ्या वायरींनाही तीच. जॅक, पाना आणि हूक एका जाड कापडात बांधून स्टेपनीच्या खळग्यात घट्ट बसवले. बॉक्स तळाला पट्ट्याने बांधला. बॉक्स मोकळा असेल तर बाकीचं काहीही करू नका, आधी तो बांधा.

आता शीट. वापरली ती २ मिलिमीटर जाडीची, बुटाइलचा थर आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल असलेली. पत्रा थरथरला की मधला चिकट थर पत्रा आणि फॉइल यांच्यात ओढला जातो आणि कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. त्यामुळे फॉइल कागदासारखं लुळं असेल तर शीटचा अर्धा उपयोग गेला. हातात घेऊन दुमडून पाहिलं की कळतं. डांबरी शीट मी जवळही केली नाही. ती स्वस्त असते, पण उन्हात मऊ पडते, वास सोडते आणि उभ्या किंवा उलट्या पत्र्यावरून सुटू शकते.

सगळा पत्रा झाकायची गरज नसते. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर, साधारण पाव क्षेत्रफळावर लावली तरी ‘टंग’चा ‘थड’ होतो. पुढचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा कमी फरक पाडतो आणि वजन मात्र तेवढंच वाढवतो. अशा शीटचं वजन चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास जातं. झाकणावर सढळ हाताने लावली तर स्प्रिंग ते नीट उचलत नाही, मग डिकी उघडल्यावर डोक्यावर येते. मी झाकणाच्या बाहेरच्या पत्र्याला आतल्या चौकटीच्या भोकांतून हात घालून तुकडे लावले, मागच्या चाकांवरच्या कमानींना आणि स्टेपनीच्या खळग्याला थोडे जास्त, आणि मागच्या सीटमागच्या शेल्फच्या पत्र्याला जवळजवळ पूर्ण, कारण तो पत्रा पातळ, भोकांनी भरलेला आणि थेट वूफरच्या डोक्यावर.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, जुन्या मेणाचा किंवा धुळीचा थर राहिला की शीट वरवर चिकटते. गार असेल तर हीट गनने शीट जरा कोमट करा. मग छोटा रोलर जोर लावून फिरवायचा. फॉइलवर जो ठिपक्यांचा उठाव असतो तो दबून सपाट झाला की समजायचं, खाली हवा उरली नाही. खोबणी आली की शीट तिच्यावरून पुलासारखी ताणून न्यायची नाही, बोटाने आत बसवून मग रोलर. हातमोजे घालाच. फॉइलची कड ब्लेडसारखी कापते आणि झाकणाच्या आतल्या भोकांच्या कडा त्याहून वाईट. झाकणाच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती चुकूनही झाकू नका. पोकळीत फुगणारा फोम मारायचा सल्लाही कुठे कुठे मिळतो. ओल अडकते, गंज आतून लागतो आणि पुढे लॉक किंवा वायर काढायची वेळ आली की मेकॅनिक हात जोडतो.

शेल्फवरचं काम किचकट, पण फरक जाणवणारं. प्लॅस्टिक ट्रिम काढून तिच्या क्लिपांभोवती फोमच्या चकत्या, तिसऱ्या ब्रेक लाइटचं घर काचेला टेकतं तिथे पातळ पट्टी, सीटची पाठ अडकते त्या लोखंडी कडीला कापडी टेप. काचेजवळची घर्रर्र त्या ब्रेक लाइटचीच होती.

आता इतक्या महिन्यांनंतरचं. कडक उन्हात गाडी उभी राहिली, पाऊसही खाल्ला, शीट कुठे ओघळलेली नाही, वास नाही. झाकणाच्या आत जिथे रोलर पोहोचत नव्हता आणि नुसत्या बोटांनी दाबली होती तिथे एका तुकड्याची कड उठली आहे. तेवढंच. फोमने मात्र हिशोब दाखवला. नंबर प्लेटमागची पट्टी दबून पातळ झाली आणि बारीक टकटक परत आली, म्हणून ईपीडीएम नावाच्या रबराच्या घट्ट फोमची लावली. ती अजून तग धरून आहे. साधा स्पंजसारखा फोम पाणी पितो, तो बाहेरच्या बाजूला वापरण्यात अर्थ नाही.

बास वाढला का? जोर तेवढाच वाटतो, पण नोट सुरू होते आणि संपते ते वेगळं कळतं, बास गिटार आणि किक ड्रम एकमेकांत कालवले जात नाहीत. डेसिबलचे आकडे मुद्दाम देत नाही, ३०-४० हर्ट्झला फोनच्या माइकवर भरवसा ठेवता येत नाही. मागच्या चाकांचा रस्त्यावरचा आवाज कमी झाला, हा न मागता मिळालेला फायदा. पण बास बाहेर जाणं थांबेल अशी आशा धरू नका. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते, २ मिलिमीटरची शीट तिला काय अडवणार. आता बाहेरच्याला पत्र्याऐवजी निदान गाणं ऐकू येतं.

राहिलेली एकच खडखड सीटबेल्टच्या रीळमधली. बेल्ट अडवणारी आतली यंत्रणा जोरदार बासला किरकिरते आणि सुरक्षेचा भाग असल्यामुळे तिला टेप किंवा फोम लावणार नाही. इक्वलायझरवर ४० हर्ट्झच्या आजूबाजूला ३ डेसिबल कमी केले आहेत, तेवढ्यावर ती बहुतेक वेळा शांत असते. पुढचं काम मागच्या दारांचं. उरलेली शीट तिथे जाईल, पण ट्रिम काढल्यावर आधी टोन लावून आतले रॉड आणि वायरी तपासणार, शीट त्यानंतर.