एलईडी बल्बनं वीज खरंच वाचते का? १४ महिन्यांचा अनुभव

गाव परभणी तालुक्यातलं, घर माळवदाचं. मागच्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी घरातले ६० वॉटचे सहाही पिवळे बल्ब काढले आणि ९ वॉटचे एलईडी लावले. उजेडात कमी काही नाही, ढाळजेत (दारालगतच्या ओसरीत) तर जास्तच वाटतो.

सहा बल्ब रोज पाच तास, म्हणजे आधी महिन्याला ५४ युनिट जायचे, आता आठ. बिलात मात्र सरासरी चाळीसच युनिट कमी दिसतात. माय आता अंगणातला बल्ब रात्रभर चालू ठेवते, "नऊ वॉटला काय लागतंय" म्हणते. इंचू-काट्याचं भय, म्हणून मी काही बोलत नाही. त्याचे जास्तीचे दोनच युनिट होतात. बाकीचे कूलरनं खाल्ले.

पिवळ्या बल्बात बहुतेक वीज उष्णतेतच जाते. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत चुलीपुढं बसलेल्या मायच्या डोक्यावर तो बल्ब तापायचा. ती झळ गेली, माझ्या लेखी हे बिलाहून मोठं.

तक्रार आहे ती टिकण्याची. खोक्यावर २५,००० तास छापलेले, आणि स्वस्तात आणलेले दोन बल्ब सातव्या महिन्यातच गेले. आमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) शेतीच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, बंद झाल्या की एकदम चढतं. एकाची पांढरी टोपी काढून बघितली. आत गोल पत्र्यावर बारीक पिवळे चौकोन, तेच उजेड देणारे एलईडी, त्यातल्या एकावर मोहरीएवढा काळा ठिपका. सगळे एकाच माळेत जोडलेले, एक जळाला की माळ बंद. दुसऱ्याचे चौकोन धड होते, पण मागचा कपॅसिटर फुगलेला. पहिल्याला वायरमनदादांनी सोल्डरचा डाग देऊन माळ जोडली, तो गोठ्यात अजून चालतोय.

मग असा बल्ब बनवायला लागलेली वीज वाया गेली का? मी हिशेब मांडला. दर वीस तासांना एक युनिट वाचतं, म्हणजे सात महिन्यांत मेलेल्या बल्बनंही पन्नासेक युनिट वाचवलेच होते. बल्ब पूर्ण टिकला तर त्याच्या आयुष्यातली बहुतेक वीज तो चालवण्यात जाते, बनवण्यात नाही. तरी दर सात महिन्यांनी कचरा करायचा हे मला पटत नाही. आता खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट लिहिलेलं बघूनच घेतो, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी. तसे घेतलेले दोन्ही बल्ब यंदाच्या मोटारींच्या सीझनमधून सुखरूप निघाले.