डिट्टो लूपर: घरी एकट्याने गिटार वाजवणाऱ्यांसाठी

हौस म्हणून घरी गिटार वाजवणारा माणूस पुढेही वाजवत राहणार की नाही, याचा निकाल बोटं दुखण्याच्या दिवसांत लागतोच असं नाही. टोकं निबर होतात, चार-सहा कॉर्ड बसतात, एकीवरून दुसरीवर हात न अडखळता जायला लागतो आणि नेमकं त्याच सुमारास वाजवणं थंडावतं. कॉर्ड ही मुळात साथ. जे गाणं सजवायचं ते खोलीत नसेल, तर नुसती साथ किती दिवस करणार? गाता येत असेल तर प्रश्न सुटतो. नसेल तर तोच जी आणि तोच डी. फेंडर या गिटार कंपनीचे प्रमुख असताना अँडी मूनी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के लोक वर्षभरात ती सोडून देतात. गिटार विकणाऱ्यानेच हे सांगितलं, हे विशेष.

लूपर म्हणजे पायाने चालवायचं पेडल: तुम्ही वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तो पुन्हा पुन्हा फिरवतं, त्या फिरत्या तुकड्याला लूप म्हणतात. टीसी इलेक्ट्रॉनिकचं डिट्टो लूपर हे पेडल अशा माणसाच्या कामाचं आहे का, ते इथे बघायचं आहे. आमचं उत्तर हो असंच आहे, पण दोन अटी आहेत. गिटार हाताला सोपी हवी आणि पायाला ताल शिकवायची तयारी हवी. दुसरी अट ऐकायला किरकोळ वाटते, पण बहुतेक लूपर कपाटात जातात ते तिच्यामुळेच.

पेडल मुठीत मावेल एवढं. त्यावर एक स्विच, एक नॉब, एक दिवा. लूप जास्तीत जास्त पाच मिनिटांचा, त्यावर थर कितीही चढवा. स्विच एकदा दाबला की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबला की वाजवलेलं फिरायला लागतं, तिसऱ्यांदा दाबला की त्यावर नवा थर. वाजत असताना दाबून धरला की शेवटचा थर निघून जातो, परत दाबून धरला की तो परत येतो. लागोपाठ दोनदा टॅप केलं की थांबतं, आणि थांबलेलं असताना दाबून धरलं की सगळं पुसलं जातं. नॉब फक्त लूपच्या आवाजाचा, तुमच्या चालू वाजवण्याचा नाही. एवढ्यात पेडल संपलं. मेनू नाही, पडदा नाही, ठेके नाहीत. हौशी माणसाला दिवसाकाठी वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. त्यातली पाच यंत्र लावण्यात गेली नाहीत की उद्या परत बसावंसं वाटतं. डिट्टोचा सगळ्यात मोठा गुण हाच.

आता पायाचं बघू. पहिल्या दिवशी जवळपास प्रत्येकाचा लूप लंगडतो. मधलं सगळं ठीक असतं, पण शेवटून पुन्हा सुरुवातीला येताना एक ठेच लागते आणि ती दर फेरीला ऐकू येते. दोष पेडलला दिला जातो. खरं कारण असं की वाजवणारा चौथी मात्रा संपल्यावर हात थांबवतो, वाट बघतो आणि मग पाय टाकतो. पाय टाकायचा असतो पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर, नेमका समेवर, आणि त्या क्षणी हात चालूच हवा. मेट्रोनोम (टकटक करून लय देणारं यंत्र) मिनिटाला ८० मात्रांवर ठेवला तर एक मात्रा पाऊण सेकंदाची, चार मात्रांचे चार बार (बार म्हणजे एक आवर्तन) म्हणजे १२ सेकंद. त्यात पाय दशांश सेकंद उशिरा पडला तर लूप १२.१ सेकंदांचा होतो. बाराच्या मानाने हा फरक काहीच नाही, पण सगळाच्या सगळा तो एका सांध्यावर येऊन बसतो. म्हणून कान तिथेच अडकतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. चार बारऐवजी दोनच घ्या. एकच कॉर्ड, फक्त खाली जाणारे स्ट्रोक, दर मात्रेला एक. आधी चार मात्रा तोंडाने मोजा, पाचव्याला स्ट्रोक आणि पाय एकदम. शेवट आला तरी हात थांबवू नका. पुढच्या फेरीचे दोन-तीन स्ट्रोक वाजवून मगच हात उचला. टाच जमिनीला टेकलेली राहू द्या आणि फक्त पंजा हलवा. अख्खा पाय उचलून आपटला की वेळ हमखास चुकते. बसून वाजवत असाल तर पेडल गुडघ्याच्या थेट खाली नको, थोडं पुढे हवं, नाहीतर पाय उचलताना मांडीवरची गिटार हलते. सुरुवातीचा स्ट्रोक कापला जात असेल तर पाय हाताच्या मागे पडतोय. सुरुवातीला बारीकशी शांतता येत असेल तर पाय पुढे पळतोय. एवढं ओळखता आलं की दुरुस्ती आपोआप होते.

पाय बसला की खरी गंमत सुरू होते. चार बारमध्ये इ मायनर, सी, जी, डी, दरेक बारला एक कॉर्ड, असा साधा लूप करा. आता त्यावर दुसऱ्या तारेचा (तारा सगळ्यात बारीक तारेपासून मोजायच्या) आठवा फ्रेट दाबून एकच सूर धरा. हा जी. इ मायनरवर तो उदास लागतो, कारण तिथे तो, कॉर्डच्या मूळ सुरापासून मोजला तर, मायनर तिसरा असतो. सीवर तोच सूर पाचवा होऊन मोकळा होतो, जीवर तो घरी आल्यासारखा वाटतो. डी आला की मात्र खुपतो. तेव्हा बोट एक फ्रेट मागे, सातव्यावर आणा: एफ शार्प, डीचा मेजर तिसरा. फेरी पुन्हा इ मायनरवर आली की परत आठव्यावर. दोन फ्रेट आणि एक तार, एवढ्यावर धून तयार होते, आणि ती दहा मिनिटांत जमते. सूर तोच राहून खालची कॉर्ड बदलली की त्याचा अर्थ कसा बदलतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही, असं ऐकलं की लगेच कळतं. पुढे इ मायनर पेंटाटॉनिक, म्हणजे इ, जी, ए, बी, डी हे पाच सूर, या चारही कॉर्डवर चालतात. पण सुरुवात स्केलच्या चौकटीने करू नये. चौकट आली की बोटं वर-खाली धावायला लागतात आणि कान झोपतो.

दुसरी गिटार वाटावी असा थर हवा असेल तर सातव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि ए मायनर, एफ, सी, जी हे आकार धरा. कानाला येतात त्याच चार कॉर्ड, फक्त वरच्या पट्टीत. एफसाठी एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबणं जमत नसेल तर पहिली तार मोकळी सोडून एफ मेजर सेव्हन धरा, इथे ते उलट जास्त छान लागतं. कॅपो लावल्यावर गिटार पुन्हा ट्यून करायला मात्र विसरू नका. कॅपोच्या दाबाने तारा किंचित चढतात, आणि खालचा थर बिनकॅपोचा असल्यामुळे तो फरक लपत नाही. खर्जासाठी फक्त मूळ सूर: सहावी तार मोकळी, पाचवीचा तिसरा फ्रेट, सहावीचा तिसरा फ्रेट, चौथी मोकळी. ठेका हवा असेल तर डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून उजव्याने हलकेच छेडा. हा थर सगळ्यात आधी टाकलेला बरा, पुढच्या थरांना आधार मिळतो.

थर कितीही चढवता येतात म्हणून चढवू नयेत. गिटारचे सगळे थर एकाच मधल्या पट्टीत बसतात, आणि चौथा चढला की कॉर्ड कुठली तेही कळेनासं होतं. ठेका किंवा खर्ज, मधली साथ, वर धून, इतकं पुरे. आणखी एक गैरसमज असा की मागे घेता येतं म्हणजे हवं तितकं मागे जाता येतं. एकच पायरी मागे जाता येतं. दुसरा थर बिघडला आहे हे तिसरा टाकल्यावर लक्षात आलं, तर सगळं पुसून नव्याने सुरू करावं लागतं.

आता उणिवा. सगळ्यात खटकते ती थांबण्याची तऱ्हा. दोनदा टॅप करावं लागतं आणि लूप दुसऱ्या टॅपला थांबतो, त्यामुळे नेमका समेवर थांबवायचा तर पहिला टॅप अर्धी मात्रा आधी टाकावा लागतो. घरच्या सरावात चालून जातं. चार लोकांसमोर वाजवायचं असेल तर याच घराण्यातलं एक्स-टू बघा, त्यात दुसरा स्विच थांबवण्यासाठी ठेवता येतो. दुसरी उणीव, यात बॅटरी बसत नाही. ९ व्होल्टचा, पिनच्या मध्यभागी ऋण टोक असलेला, १०० मिलिअँपिअर देणारा अडॅप्टर लागतो. दोन-तीन पेडल एकाच अडॅप्टरवर साखळीने जोडली की मागे बारीक किणकिण येते. ती पेडलच्या बिघाडाची नाही, डिजिटल पेडलचा आवाज त्याच वायरीने बाकीच्यांत शिरतो. वेगवेगळी आउटपुट असलेला सप्लाय घेतला की ती जाते.

अकूस्टिक गिटारवाल्यांनी घेण्याआधी एक गोष्ट तपासावी. गिटारला पिकअप (तारांचा आवाज वायरीत पाठवणारा भाग) नसेल तर या पेडलला देण्यासारखं काही नसतं. साउंडहोलमध्ये अडकवायचा मॅग्नेटिक पिकअप त्यातल्या त्यात सोपा, सुतारकाम लागत नाही. त्यानंतर अँप किंवा हेडफोन अँप हवाच. इलेक्ट्रिकवाल्यांची अडचण वेगळी. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणं) पेडलचं असेल तर लूपर त्याच्या नंतर जोडा. डिस्टॉर्शन अँपचंच असेल आणि लूपर अँपच्या पुढे असेल, तर लूप आणि चालू वाजवणं दोन्ही एकत्र त्या डिस्टॉर्शनमधून जातं आणि त्याचा चिखल होतो. अँपला इफेक्ट्स लूप (डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायची मागची जागा) असेल तर पेडल तिथे लावा. नसेल तर लूपर वापरताना अँप स्वच्छ आवाजावर ठेवा.

तुलनेला बॉस कंपनीचं आरसी-वन लूपर घेता येईल. बारा मिनिटं, स्टिरिओ, बॅटरीवरही चालतं, आणि २४ तुकड्यांचं दिव्यांचं वर्तुळ लूप कुठवर आला ते दाखवतं. नवख्याला ते वर्तुळ फार उपयोगी पडतं, सम येताना डोळ्यांना दिसते. पुढे डोळ्यांचीच सवय लागते आणि कान मागे पडतो, ही त्याची दुसरी बाजू. बॉसच्याच आरसी-फाइव्हमध्ये ५७ ठेके आणि लूप साठवायला ९९ जागा आहेत. लय फारच कच्ची असेल तर तयार ठेक्याचा आधार खरोखर कामी येतो. पण साठवायची सोय झाली की जुने लूप उघडत बसण्यात संध्याकाळ जाते. डिट्टोत एका वेळी एकच लूप, तो पुसायचा आणि नवा करायचा. हौशी माणसासाठी आम्हाला हेच बरं वाटतं.

गिटारच्या अटीबद्दल थोडक्यात. बाराव्या फ्रेटवर सहावी तार फ्रेटपासून तीन मिलिमीटरच्या वर असेल, तर पैसे आधी सेटअपवर, म्हणजे तारांची उंची नीट करून घेण्यावर, घालवा. अकूस्टिकवर तिथे साधारण अडीच मिलिमीटर आणि पहिल्या तारेला दोनच्या आत हे सोयीचं. बाराच्या जाडीच्या तारांऐवजी त्याहून बारीक अकराच्या लावल्या तरी सगळ्या तारा एका बोटाने दाबायला लागणारा जोर जाणवण्याइतका कमी होतो. हात दुखत असताना लूपर म्हणजे दुखणं परत परत ऐकवणारं यंत्र.

एक गोष्ट हे पेडल देऊ शकत नाही. माणूस एखादी गोष्ट स्वतःहून का करत राहतो याबद्दल एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी तीन गरजा मांडल्या: आपल्या मर्जीने करता येणं, जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. पहिल्या दोन डिट्टो चोख भागवतं. तिसरीची नुसती नक्कल करतं. लूप तुमचं ऐकत नाही, तुम्ही घसरलात तर सावरून घेत नाही, धून रंगली म्हणून लय जराही वाढवत नाही. महिन्यातून दोनदा का होईना, दुसऱ्या माणसासोबत वाजवायची सोय असेल तर ती सोडू नये. उलट लूपरवर पक्की झालेली लय अशा बैठकीत लगेच दिसते, आणि लूपरवाल्याला शेजारच्याचं ऐकायची सवय नसेल तर तेही तितक्याच लगेच दिसतं.

पेडल जुनं घेणार असाल तर अडॅप्टर आणि गिटार सोबत न्या. इनपुट उजवीकडे, आउटपुट डावीकडे. वायरी उलट लावून पेडल बंद आहे असा समज अनेकांचा होतो. नॉब पूर्ण फिरवून खरखर ऐका. मग लहान लहान लूप करत स्विच तीस-चाळीस वेळा दाबा. एकदा दाबल्यावर दोनदा घेतल्यासारखं झालं, किंवा मधलंच एखादं दाबणं गिळलं गेलं, तर स्विच झिजलाय. या पेडलमध्ये सगळी कामं त्या एकाच स्विचवर आहेत, तेव्हा तो बदलण्याचा खर्च धरूनच भाव ठरवा.