पद्मिनीला सीबी पॉइंट की इलेक्ट्रॉनिक किट?

सीबी पॉइंट म्हणजे प्लगला ठिणगी मिळावी म्हणून इग्निशन कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच; किट तेच काम इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलने करतं. जुनी प्रीमियर पद्मिनी कार गरम झाल्यावर मिसिंग करते (ठिणगी चुकून इंजिन झटके देतं), म्हणून लगेच किट घेऊ नका. आधी डिस्ट्रीब्युटरची (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट त्यातच असतात) कॅप काढून पॉइंटची उघडझाप बघा. तिथेच जाड निळी ठिणगी उडत असेल तर बहुधा कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) गेलाय. तो स्वस्तात बदलतो.

खर्चात पॉइंटच परवडतात. मेहनतीत किट सरस, पॉइंटमधली फट म्हणजे गॅप लावत बसावं लागत नाही. डिस्ट्रीब्युटरचा शाफ्ट झिजून हलत असेल तर पॉइंटचा गॅप टिकतच नाही. किट बऱ्यापैकी सांभाळून घेतं. पण मॉड्यूल वाटेत गेलं की गाडी टो करायची. पॉइंट पॉलिश पेपरने घासून घर तरी गाठता येतं.

रोज चालवणाऱ्याने किट बसवावं, जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवावेत. गाडी मूळ रूपात जपायची असेल तर पॉइंटच.