तीन टेस्ला की सात? मेंदूतलं रसायन मोजायला निघण्याआधी

मानसोपचार किंवा मेंदूविज्ञानात संशोधन सुरू करणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "स्पेक्ट्रोस्कोपी जवळच्या ३ टेस्लावर करू, की ७ टेस्लावर वेळ मिळतोय तिकडे जाऊ?" (स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे एमआरआय यंत्रानेच मेंदूतली रसायनं मोजणं, आणि टेस्ला हे त्या यंत्राच्या चुंबकीय क्षेत्राचं माप.) यावर माझा उलटा प्रश्न असा, की मोजायचं काय आहे आणि मेंदूत नेमकं कुठे? याचं उत्तर तयार नसताना मशीन ठरवणं म्हणजे माप घेण्याआधी कापडाला कात्री लावणं.

मुळात हे काम अवघड का आहे ते बघू. नेहमीचा एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडतो आणि मेंदूत पाणी मुबलक. आपल्याला हवी असलेली रसायनं, म्हणजे ग्लुटामेट (चेतापेशींना चेतवणारं), गाबा (त्यांना शांत करणारं), ग्लुटाथायोन (पेशींचं रक्षण करणारं) वगैरे, लिटरमागे एक ते दहा मिलीमोलच्या घरात असतात. पाण्याचा सिग्नल त्यांच्या हजारो पट मोठा. ढोलताशा पथकाच्या शेजारी बसून तानपुऱ्याची तार ऐकायची, अशातला प्रकार. पाणी दाबता येतं, पण तेवढ्याने भागत नाही, कारण ही रसायनं एकमेकांच्या अंगावरही बसलेली असतात.

खरा फरक या दाटीत आहे. स्पेक्ट्रम म्हणजे सिग्नलचा फ्रीक्वेन्सीनुसार आलेख. त्यात प्रत्येक रसायनाची शिखरं ठरलेल्या जागी येतात आणि ती जागा पीपीएममध्ये मोजतात. ग्लुटामेटचं एक महत्त्वाचं शिखर २.३५ पीपीएमच्या आसपास येतं, ग्लुटामिनचं २.४५ च्या. अंतर ०.१ पीपीएम. ३ टेस्लावर १ पीपीएम म्हणजे साधारण १२८ हर्ट्झ, ७ टेस्लावर २९८. म्हणजे तेच अंतर एकीकडे १३ हर्ट्झ, दुसरीकडे ३०. गंमत अशी, की या शिखरांना पडणाऱ्या आतल्या फाटी हर्ट्झमध्ये मोजल्या तर दोन्हीकडे तेवढ्याच राहतात. चाळीतल्या भिंतीला भिंत लागलेल्या खोल्या तेवढ्याच मोठ्या ठेवून मधली जागा दुप्पट करावी, तसं ७ टेस्लावर होतं. म्हणूनच ३ टेस्लावरचे बरेच अभ्यास दोन्हींची बेरीज 'ग्लेक्स' या नावाने छापतात. ग्लुटामिन म्हणजे चेतापेशींनी सोडलेल्या ग्लुटामेटचं ताराकार पेशींत झालेलं रूपांतर. त्यामुळे स्किझोफ्रेनियासारख्या आजारात नक्की यातलं काय बदललं, हाच तुमचा प्रश्न असेल, तर ती बेरीज तो प्रश्नच गिळून टाकते. इथे मी बेधडक ७ टेस्ला म्हणेन.

गाबाचं तसं नाही. त्याचं ३.० पीपीएमचं शिखर क्रिएटिन या दुसऱ्या रसायनाच्या शिखराखाली गाडलेलं असतं. पण मेगा-प्रेस नावाच्या पद्धतीत १.९ पीपीएमवर एक पल्स (रेडिओ लहरींचा झटका) आलटून पालटून चालू-बंद करतात, दोन मोजमापांची वजाबाकी करतात, क्रिएटिन उडून जातं आणि गाबा उरतो. ३ टेस्लावर हे इतकं रुळलेलं आहे, की 'बिग गाबा' प्रकल्पात २४ केंद्रांनी मिळून एकाच धर्तीवर ते करून पाहिलं. किंमत मोजावी लागते ती अशी: व्हॉक्सेल, म्हणजे मोजायचा तुकडा, सहसा ३ सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, म्हणजे २७ मिलिलिटर, चहाचे पाचेक चमचे मेंदू, वेळ दहा मिनिटांच्या आसपास, आणि हाती येणाऱ्या सिग्नलचा बराच मोठा भाग गाबाचा नसून मोठ्या रेणूंचा असतो. म्हणून तो प्रामाणिकपणे 'गाबा प्लस' असा लिहायचा. वजाबाकी असल्यामुळे डोकं जरा हललं तरी नासाडी. फंक्शनल एमआरआयने यंत्रातली ग्रेडियंट वेटोळी तापली, की त्यानंतर फ्रीक्वेन्सी सरकत राहते, तेव्हा स्पेक्ट्रोस्कोपी आधी उरका. हा सल्ला दोन्ही मशीनना लागू.

ग्लुटाथायोनही ३ टेस्लावर एडिटिंगने, म्हणजे अशाच चालू-बंद वजाबाकीने, मोजतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात प्रवत मंडल यांच्या गटाने अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी संबंधित भागातलं ग्लुटाथायोन कमी झाल्याचं दाखवलं, तेही ३ टेस्लावर.

आणि काही प्रश्नांना ७ टेस्ला म्हणजे शुद्ध उधळपट्टी. आयडीएच जनुकात बदल झालेल्या ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीत २-हायड्रॉक्सीग्लुटारेट साचतं. निरोगी मेंदूत ते जवळपास नसतंच. टेक्सासमधल्या चांगहो चोई यांच्या गटाने २०१२ मध्ये ते रुग्णांत ३ टेस्लावर, ९७ मिलिसेकंद इको टाइम (पल्सपासून सिग्नल ऐकेपर्यंतचा वेळ) वापरून पकडलं. यकृत बिघडून मेंदूवर परिणाम झाला, की ग्लेक्स वर आणि मायो-इनोसिटॉल खाली हा नमुना १.५ टेस्लावरही दिसतो.

आता ७ टेस्लाच्या जाहिरातीत न छापलेल्या गोष्टी. सिग्नल ७ भागिले ३, म्हणजे २.३ पट वाढेल हा कागदावरचा हिशेब. टी-२, म्हणजे सिग्नल विरण्याचा काळ, आखूड होतो, शिखरं फुगतात आणि त्यातला काही भाग तिथेच जातो. २९८ मेगाहर्ट्झला मेंदूतली रेडिओ तरंगलांबी डोक्याच्या आकाराहून लहान होते, त्यामुळे टेम्पोरल लोबसारख्या भागांत पल्स पुरेशी पोचतच नाही. ऊर्जा शोषण फ्रीक्वेन्सीच्या वर्गाने वाढतं, म्हणजे पाचपटीहून जास्त. मग दोन पल्समध्ये थांबावं लागतं आणि वाचवलेली मिनिटं परत जातात. सगळ्यात फसवी चूक जागेची. प्रत्येक रसायनाची फ्रीक्वेन्सी वेगळी, त्यामुळे त्याचा व्हॉक्सेलही थोडा वेगळ्या जागी बसतो. १.३ किलोहर्ट्झ रुंदीच्या फ्रीक्वेन्सी पट्ट्याची साधी पल्स घेतली, तर लॅक्टेट आणि मायो-इनोसिटॉल यांचे व्हॉक्सेल ३ टेस्लावर एकमेकांपासून बाजूच्या पाचव्या हिश्शाने सरकतात, ७ वर निम्म्याने. दोन रसायनं 'एकाच' जागची म्हणून छापायची आणि ती असतात शेजारशेजारच्या जागांची. म्हणून ७ वर साधा प्रेस सीक्वेन्स (पल्सचा क्रम) नको, ही चूक कमी करणारा सेमी-लेझर मागा. तो चालवणारं, शिमिंगमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखं करण्यात, मुरलेलं माणूस तिथे नसेल तर ३ टेस्लावर मन लावून केलेलं काम नक्की सरस ठरेल.

७ ची दुसरी खरी जमेची बाजू लहान जागा आणि लहान बदल. व्हॉक्सेल निम्मा केला, की तीच स्पष्टता मिळवायला चौपट वेळ लागतो. हे कर्ज फेडायला जास्तीचा सिग्नल कामी येतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने २००७ मध्ये ७ टेस्लावर दाखवलं, की डोळ्यांसमोर चित्र लुकलुकत असताना दृष्टीच्या भागातलं लॅक्टेट आणि ग्लुटामेट थोडंसं वाढतं. असे काही टक्क्यांचे बदल ३ वर शोधायचे तर माणसं भरपूर लागतात. फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन ही पेशींच्या ऊर्जेची रसायनं मोजायची असतील, तर तिथेही ७ कडे झुका. त्या अणूचा सिग्नल मुळातच क्षीण.

माणसांचाही विचार करा. ७ टेस्लात सरकताना अनेकांना गरगरतं, कारण ते क्षेत्र आतल्या कानातल्या द्रवावर बळ लावतं. अमेरिकेत रुग्णांसाठी पहिल्या ७ टेस्ला यंत्राला परवानगी मिळाली २०१७ मध्ये, त्यामुळे ३ टेस्लावर चालणारी बरीच इम्प्लांट्स ७ साठी तपासलेलीच नसतात. मंगळसूत्र, जोडवी दोन्हीकडे काढावी लागतात, पण गुडघ्यातली प्लेट काढता येत नाही. वयस्कर रुग्णांचा गट असेल तर यादी बघता बघता निम्मी होऊ शकते, आणि जे उरतात ते तुमच्या आजाराचे खरे प्रतिनिधी असतीलच असं नाही.

शेवटी, कुठल्याही केंद्राशी बोलताना यंत्राचं नाव ऐकून थांबू नका. तुम्हाला हव्या त्याच भागातले, खऱ्या स्वयंसेवकांचे, न निवडलेले दहा स्पेक्ट्रम मागा आणि पाण्याच्या शिखराची रुंदी विचारा (ती जितकी कमी, तितकं शिमिंग चांगलं). मेंदूच्या मागच्या बाजूचे सुंदर आलेख सगळ्यांकडे असतात. नाकामागच्या हवेच्या पोकळ्यांजवळचा पुढचा भाग दाखवा म्हणावं.